शरीरातल्या पाण्याचा थर्मामीटर

घरात कुणाचे अंग तापले, की आपण आधी कपाळावर हात ठेवतो. अंग गरम आहे हे हाताला कळते. पण किती गरम? ते हाताला सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर थर्मामीटर लावतात. थर्मामीटर आकडा सांगतो. आकडा ९९ असला, तर डॉक्टर म्हणतात, "काळजी नको, पडून राहा." आकडा १०४ असला, तर तेच डॉक्टर लगबगीने उपाय सुरू करतात. अंग दोन्ही वेळा गरमच. पण आकडा बदलला की उपाय बदलतो.

थर्मामीटर आपण जिभेखाली ठेवतो, नाही तर काखेत. तेथे तो सहज पोचतो. पण समजा, मेंदूच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी एक जागा आहे. तिची उष्णता मोजायची आहे. कवटीला भोक पाडायचे नाही. आत सुई घालायची नाही. आणि एकदा मोजून भागत नाही, दर तीन-चार सेकंदांनी मोजायचे आहे. मग थर्मामीटर तेथे न्यायचा कसा?

शास्त्रज्ञांनी यावर युक्ती काढली आहे. त्यांनी थर्मामीटर आत नेलाच नाही. आपल्या शरीरात जे पाणी आहे, त्यालाच थर्मामीटर केले. ही युक्ती काय आहे, आणि तिची गरज कुणाला पडते, ते आता पाहू.

हात कापतो तेव्हा

काही माणसांचा हात कापतो. हात मांडीवर ठेवला, की शांत असतो. पण पाण्याचा पेला उचलायला गेला, की थरथरू लागतो. पेला तोंडाशी येईपर्यंत निम्मे पाणी सांडते. सुईत दोरा ओवता येत नाही. शर्टाची गुंडी लागत नाही.

डॉक्टर या दुखण्याला 'इसेन्शियल ट्रेमर' म्हणतात. आपण त्याला हातकंप म्हणू. हे दुखणे बहुधा उतारवयात दिसते. कधी कधी एकाच घराण्यात अनेकांना होते. कंपवात नावाचे दुसरे एक दुखणे आहे. त्यात हात स्वस्थ असतानाच जास्त कापतो. हातकंपात तो काम करताना कापतो. दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

लोकांना हे माहीत नसते. हात कापताना दिसला, की कुणी म्हणते, "हा भित्रा आहे." कुणी म्हणते, "दारू पीत असेल." बिचाऱ्याचा दोष काहीच नसतो. मग तो चारचौघांत जेवायला बसत नाही. लग्नकार्याला जायचे टाळतो. चहा नको म्हणतो. बँकेत गेला, तर सही जुळत नाही. ज्याने कष्टाने अक्षरे गिरवली, आपले नाव लिहायला शिकला, त्याला पुन्हा अंगठा लावायची पाळी येते. केवढे दुःख आहे हे!

हा कंप हातात दिसतो, पण त्याचे मूळ मेंदूत असते. मेंदूच्या आत खोलवर 'थॅलॅमस' नावाचा भाग आहे. शरीराच्या हालचालींचे निरोप तेथून जातात-येतात. त्या वाटेवर एक चुकीचा ठेका सुरू होतो आणि थांबत नाही. त्या ठेक्यावर हात हलत राहतो.

पुष्कळ रोग्यांना गोळ्यांनी आराम पडतो. काहींना पडत नाही. अशा वेळी थॅलॅमसमधली ती बारीकशी जागा बंद पाडली, तर कंप कमी होतो. हे डॉक्टरांना बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. पूर्वी त्यासाठी कवटीला भोक पाडून आत तार घालावी लागे. अशा शस्त्रक्रिया आजही होतात. पण आता एक वेगळी वाटही निघाली आहे. ती म्हणजे न कापता, नुसत्या आवाजाने ती जागा तापवायची.

आवाजाने ऊब कशी येते?

आवाज म्हणजे कंपन. ढोलावर टिपरी मारली की कातडे थरथरते. ते थरथरणे हवेतून आपल्या कानापर्यंत येते. सेकंदाला २० ते २०,००० थरथरी असल्या, तर माणसाच्या कानाला ऐकू येते. त्याहून जास्त असल्या, तर आपल्याला काहीच ऐकू येत नाही. वटवाघळाला मात्र ऐकू येते. अंधारात ते त्याच आवाजाच्या आधाराने उडते.

हा न ऐकू येणारा आवाज तुमच्या ओळखीचा आहे, बरं का! गरोदर बाईची सोनोग्राफी करतात ना, ती याच आवाजाने. सोनोग्राफीतला आवाज फार सौम्य असतो. म्हणून त्याने भाजत नाही. पण तोच आवाज जोरकस केला आणि एका जागी गोळा केला, तर ती जागा तापते. हातावर हात चोळले की ऊब येते, तसेच हे. आवाजाची थरथर शरीरात जिरते आणि तिची उष्णता होते.

आवाज एका जागी गोळा कसा करतात? भिंगाची गंमत तुम्ही पाहिली असेल. उन्हात कागद तसाच धरला, तर जळत नाही. मध्ये भिंग धरले, की सगळी किरणे एका ठिपक्यात येतात. तेवढाच कागद जळतो. आवाजाचेही असेच आहे.

मेंदूसाठी जे यंत्र वापरतात, ते मोठ्या टोपासारखे असते. त्यात आवाज करणारे १,०२४ छोटे तुकडे बसवलेले असतात. एकेका तुकड्याचा आवाज दुबळा. तो मेंदूतून जातो, पण वाटेत काही बिघडवत नाही. सगळे आवाज जेथे मिळतात, तेथेच उष्णता होते.

चिखलात रुतलेली गाडी आठवा. दहा जणांनी दहा वेळी रेटा दिला, तर ती हलत नाही. एका दमात दिला, की बाहेर येते. या तुकड्यांचा रेटाही एका दमात लागावा लागतो. पण माणसाची कवटी सगळीकडे सारखी जाड नसते. त्यामुळे काही आवाज पुढे जातात, काही मागे पडतात. म्हणून आधी डोक्याचा सीटी स्कॅन काढतात. कवटी कोठे किती जाड आहे, ते त्यात कळते. मग कोणत्या तुकड्याने केव्हा आवाज सुरू करायचा, याचा हिशेब संगणक करतो.

पन्नास वर्षे अडलेले काम

आवाजाने शरीराच्या आत भाजता येते, हा शोध नवा नाही. १९४२ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जनावरांवर तसे प्रयोग झाले होते. १९५० नंतरच्या दशकात इलिनॉय विद्यापीठात विल्यम फ्राय आणि फ्रान्सिस फ्राय हे दोघे भाऊ या कामाला लागले. आयोवा येथील डॉक्टरांबरोबर त्यांनी माणसांच्या मेंदूवरही उपचार केले. पण त्या वेळी कवटीचा तुकडा आधी काढून ठेवावा लागे. हाडातून आवाज नीट आत जात नसे.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. आत किती तापले, ते दिसतच नसे. तव्यावरची भाकरी आपण डोळ्यांनी पाहतो. एक बाजू शेकली, की उलटतो. जरा दुर्लक्ष झाले, की ती करपते. आता डोळ्यांवर पट्टी बांधून भाकरी करायला सांगितली तर? मेंदूवर काम करणाऱ्या डॉक्टरांची गत तशीच होती. आणि भाकरी करपली तर दुसरी थापता येते. मेंदू दुसरा मिळत नाही.

येथे एका अंशाला किती किंमत आहे, ते आकड्यांवरूनच पाहा. पण त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या तापाच्या थर्मामीटरवर निरोगी माणसाचा आकडा ९८ च्या थोडा वर असतो. ते माप फॅरनहाइटचे. सेल्सियस नावाचे दुसरे माप आहे. त्यात निरोगी अंगाचा आकडा ३७ येतो आणि पाणी १०० अंशांवर उकळते. पुढचे सगळे आकडे सेल्सियसचे आहेत.

शरीराचा भाग ४३ अंशांवर ठेवला, तर तो कायमचा मरायला सुमारे २४० मिनिटे लागतात, असा हिशेब धरतात. २४० मिनिटे म्हणजे ४ तास. आता उष्णता एका अंशाने वाढवा. वेळ निम्मा होतो. ४४ अंशांना १२० मिनिटे. ४५ अंशांना ६० मिनिटे. ४६ अंशांना ३० मिनिटे. असे निम्मे निम्मे करत गेले, की ५० अंशांना दोन मिनिटांहून कमी वेळ लागतो. ५५ अंशांना साडेतीन-चार सेकंद, आणि ५७ अंशांना जेमतेम एक सेकंद! हा हिशेब सापारेटो आणि ड्युई या शास्त्रज्ञांनी १९८४ साली मांडला.

म्हणजे बघा, ४३ अंशांना जे काम चार तासांत होते, ते ५७ अंशांना एका सेकंदात होते. नुसते "गरम झाले" म्हणून येथे चालत नाही. कोठे, किती आणि किती वेळ, हे तिन्ही कळले पाहिजे. तेवढ्यासाठी हे काम सुमारे पन्नास वर्षे अडून राहिले. भाजण्याचे साधन हाताशी होते. माप नव्हते.

पाण्याचे भोवरे

माप शेवटी मिळाले ते एमआरआय यंत्रात. एमआरआय हे नाव आता गावोगावी ऐकू येते. मोठ्या बोगद्यासारखे यंत्र असते. रोग्याला फळीवर निजवून आत सरकवतात. ते यंत्र म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक आहे. पृथ्वीलाही थोडे चुंबकत्व आहे. त्यामुळेच होकायंत्राची सुई उत्तर दाखवते. मोठ्या एमआरआय यंत्राचा चुंबक त्याच्या ५० हजार पटींहून अधिक जोरदार असतो.

आपल्या मेंदूचा पाऊण भाग पाणीच आहे. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू असतात. अणू इतके बारीक, की डोळ्यांना कधी दिसायचे नाहीत. हा हायड्रोजन चुंबकाजवळ नेला, की भोवऱ्यासारखा वागतो. भोवरा फिरता फिरता डुलतो, तसा तो डुलू लागतो. मोठ्या यंत्रात तो सेकंदाला सुमारे १२ कोटी ७७ लाख वेळा डुलतो. यंत्र रेडिओच्या लहरी सोडून या भोवऱ्यांना साद घालते. भोवरे तशाच लहरींनी प्रतिसाद देतात. त्या प्रतिसादावरून आतले चित्र तयार होते. असे पहिले चित्र काढण्याची रीत पॉल लॉटरबर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केली. पुढे २००३ साली त्यांना आणि इंग्लंडच्या पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मुख्य गोष्ट ऐका. पाण्याचे कण एकमेकांचे हात धरल्यासारखे असतात. पाणी तापले, की कण जास्त धडपड करतात आणि ही पकड ढिली होते. पकड ढिली झाली, की हायड्रोजनभोवती जे विजेचे बारीक आवरण असते, ते किंचित दाट होते. मग चुंबकाचा जोर आत किंचित कमी पोचतो. त्यामुळे भोवरा जरासा हळू डुलतो.

किती हळू? एक अंश उष्णता वाढली, तर सेकंदाला सुमारे सव्वा फेरी कमी होते. १२ कोटी ७७ लाखांत सव्वा! एवढासा फरक. पण तो नेमका आहे. दोन अंशांना अडीच फेऱ्या, चार अंशांना पाच फेऱ्या. जेवढी उष्णता वाढेल, तेवढा भोवरा मागे पडेल. थर्मामीटरला आणखी काय हवे? पाऱ्याच्या थर्मामीटरमध्ये उष्णतेने पारा वर चढतो. येथे उष्णतेने भोवरा मागे पडतो.

उष्णतेने पाण्यात असा फरक पडतो, हे हिंडमन या शास्त्रज्ञाने १९६६ साली मोजून दाखवले होते. त्यावरून शरीराच्या आतल्या उष्णतेचे चित्र झटपट काढता येते, हे १९९५ साली जपानच्या इशिहारा आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवले. त्याच सुमारास अमेरिकेत बॉस्टन शहरी फेरेन्त्स योलेस आणि कुलेर्वो हायनिनेन हे दोघे आवाज आणि चुंबक यांची जोडी जमवत होते. आवाजाने तापवायचे आणि चुंबकाने पाहायचे. भाकरी करणाऱ्याच्या डोळ्यांवरची पट्टी आता सुटली.

वजाबाकीचे चित्र

सव्वा फेरीचा फरक यंत्र ओळखते कसे? ते फेऱ्या मोजत बसत नाही. बैलगाडीची दोन चाके मनात आणा. दोन्हींच्या धावेवर चुन्याचा एकेक ठिपका आहे. दोन्ही चाके एकदम फिरू लागली. एक चाक किंचित हळू आहे. थोड्या वेळाने पाहिले, तर त्याचा ठिपका मागे पडलेला दिसतो. जितका मागे, तितके चाक हळू. फेऱ्या मोजायची गरजच नाही.

यंत्र असेच करते. तापवण्याआधी एक चित्र काढते. तापवताना पुन्हा पुन्हा चित्रे काढते. नव्या चित्रातून जुने चित्र वजा करते. जी बाकी उरते, ती वाढलेली उष्णता.

एक उदाहरण घेऊ. वजाबाकी करून यंत्राने सांगितले, "या जागी १८ अंश वाढले." आधी मेंदू ३७ अंशांवर होता. ३७ आणि १८ मिळून ५५. म्हणजे ती जागा आता ५५ अंशांवर आहे. हा थर्मामीटर एकदम ५५ म्हणत नाही. तो फक्त किती वाढले ते सांगतो. बेरीज आपण करायची.

डॉक्टरांच्या समोर पडद्यावर हे सगळे रंगांत दिसते. जेथे तापले नाही, तेथे एक रंग. जेथे तापले, तेथे दुसरा. दर काही सेकंदांनी नवे चित्र येते.

उपचाराचा दिवस

उपचाराच्या दिवशी रोग्याचे डोके पूर्ण भादरतात. केसांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्यातून आवाज नीट जात नाही. मग डोके हलू नये म्हणून त्याला एक चौकट घट्ट बसवतात. डोके त्या टोपात जाते. टोप आणि डोके यांच्या मध्ये थंड पाणी खेळते ठेवतात. रोग्याला गुंगी देत नाहीत. तो जागा असतो. त्याच्या हातात एक बटण असते. काही त्रास वाटला, की ते दाबायचे. लगेच सगळे थांबते.

उजवा हात कापत असेल, तर मेंदूच्या डाव्या बाजूवर उपचार करतात. उजव्या हाताचा कारभार डावा मेंदू पाहतो.

पहिल्या वेळी आवाज अगदी बेताचा सोडतात. ती जागा फक्त ४० अंशांच्या आसपास जाते. त्याने काही मरत नाही. पण पडद्यावर गरम ठिपका दिसतो. हवा तेथेच तो पडला का? एक मिलिमीटर जरी इकडे-तिकडे दिसला, तरी आवाजाचा नेम सुधारून घेतात. एवढी काळजी कशासाठी? कारण शेजारूनच हातपाय हलवणाऱ्या आणि स्पर्श कळवणाऱ्या नसांच्या वाटा जातात.

मग थोडे वाढवून ४५ ते ५० अंशांपर्यंत नेतात, तेही थोडाच वेळ. त्या जागेचे काम तेवढ्यापुरते मंदावते. डॉक्टर रोग्याला विचारतात, "ओठांना मुंग्या येतात का? बोलता येते का? हात उचला पाहू." मग कागद देतात आणि त्यावर गोल गोल वेटोळे काढायला सांगतात. कंप कमी झाला असेल आणि दुसरा त्रास नसेल, तर जागा बरोबर. मुंग्या आल्या, तर जागा चुकली. पण काही कायमचे बिघडलेले नसते. नेम पुन्हा सुधारता येतो.

सगळे ठीक असले, तरच उष्णता ५५ ते ६० अंशांपर्यंत नेतात. ही वेळ दहा ते तीस सेकंदांची. तेवढ्यात तो बारीक ठिपका कायमचा बंद पडतो. मग पुन्हा कागद देतात. सकाळी काढलेले वेटोळे करवतीच्या दात्यांसारखे वेडेवाकडे असते. नंतरचे वेटोळे पुष्कळ सरळ येते. रोग्याला आपले अक्षर परत मिळते.

खरेच गुण येतो का?

"यंत्र मोठे म्हणून गुण मोठा" असे धरून चालत नाही. गुण येतो की नाही, ते तपासावे लागते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉक्टर जेफ इलायस आणि इतर देशांतले डॉक्टर यांनी मिळून अशी तपासणी केली. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली.

त्यात ७६ रोगी होते. ५६ जणांना खरा उपचार दिला. २० जणांना चौकट लावली, यंत्रात निजवले, पण आवाज सोडलाच नाही. का? कारण उपचार झाला या समजुतीनेही माणसाला बरे वाटू शकते. कोणाला काय दिले, हे रोग्यांना सांगितले नव्हते. कंपाला गुण देणाऱ्या तज्ज्ञांनाही ते माहीत नव्हते.

तीन महिन्यांनी पाहिले. खऱ्या उपचारात हाताचा कंप सरासरी शेकडा ४७ ने कमी झाला होता. खोट्या उपचारात जवळजवळ काहीच फरक नव्हता. वर्षानंतर खऱ्या उपचाराचा गुण शेकडा ४० उरला. ज्यांना आधी खोटा उपचार दिला होता, त्यांनाही पुढे खरा घेण्याची मुभा होती. २०१६ सालीच अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने या उपचाराला परवानगी दिली. स्त्रियांच्या गर्भाशयातल्या साध्या गाठी अशाच रीतीने जाळायला त्या खात्याने २००४ सालीच परवानगी दिली होती.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या तपासणीत शेकडा ३८ रोग्यांना मुंग्या किंवा बधिरपणा आला. वर्षानंतरही तो शेकडा १४ जणांत होता. शेकडा ३६ जणांची चाल अडखळू लागली. वर्षानंतर तसे शेकडा ९ उरले. म्हणजे हा उपचार चांगला आहे, पण निर्धोक नाही.

या थर्मामीटरला काय जमत नाही?

प्रत्येक हत्याराला मर्यादा असते. या थर्मामीटरलाही आहेत.

पहिली मर्यादा हालचालीची. हा वजाबाकीचा थर्मामीटर आहे. डोके जरा हलले, तर आधीचे चित्र आणि नंतरचे चित्र जुळत नाही. मग बाकी चुकते. म्हणूनच ती घट्ट चौकट. यकृत तर श्वासाबरोबर सारखे वर-खाली होते. तेथे हे मोजणे अवघड जाते.

दुसरी मर्यादा चरबीची. चरबीतही हायड्रोजन आहे. पण पाण्याच्या कणांसारखे हात धरणे तेथे नाही. म्हणून ती तापली, तरी तिचे भोवरे तसे मागे पडत नाहीत. चरबीची उष्णता या रीतीने कळत नाही.

तिसरी मर्यादा हाडाची. हाडातून यंत्राला प्रतिसाद फारच कमी मिळतो. कवटी तर आवाजाने चांगलीच तापते. पण तिची उष्णता पडद्यावर दिसत नाही. मग काय करतात? डोक्याभोवती थंड पाणी खेळते ठेवतात आणि दोन आवाजांच्या मध्ये काही वेळ थांबतात. जे मोजता येत नाही, त्याची काळजी अशी आधीच घ्यावी लागते.

आपण काय ध्यानात ठेवावे?

हात कापू लागला, तर लपवू नका. डॉक्टरांना दाखवा. हात कापण्याची कारणे अनेक असतात. कधी ते थायरॉइड ग्रंथीचे दुखणे असते, तर कधी एखाद्या औषधाचा परिणाम. कारण समजले, की बहुतेक वेळा साधे उपाय आधी करून पाहतात. आवाजाचा उपचार प्रत्येकासाठी नाही. भारतात तो थोड्याच मोठ्या इस्पितळांत होतो आणि खर्चही बराच येतो. त्याने मेंदूतली जी जागा बंद पडते, ती पुन्हा चालू होत नाही. म्हणून तो घ्यायचा की नाही, ते मेंदूच्या तज्ज्ञ डॉक्टरांना विचारून ठरवावे. जाहिरात वाचून ठरवू नये.

एमआरआय मात्र आपल्यापैकी कुणालाही कधी ना कधी करावा लागेल. त्यात एक्स-रेचे किरण नसतात. पण चुंबक जबरदस्त असतो. आत जाताना किल्ल्या, नाणी, दागिने, घड्याळ, मोबाइल बाहेर ठेवा. छातीत पेसमेकर बसवला असेल, शरीरात लोखंडाचा तुकडा किंवा पट्टी असेल, तर आधीच सांगा. आणि आत निश्चल पडून राहा. हलले की चित्र बिघडते. कारण तुम्हाला आता ठाऊक आहे.

शेजारीपाजारी कुणाचा हात कापत असेल, तर त्याला हसू नका. त्याचा पेला निम्माच भरा, म्हणजे सांडणार नाही. सही करताना त्याला घाई करू नका. यासाठी यंत्र लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

आणि एक गोष्ट. उष्णतेने रोग जाळण्याची शक्ती माणसाजवळ पुष्कळ वर्षे होती. पण ती कामाला आली, ती तिचे माप मिळाल्यावर. खत घालताना, औषध घेताना, कर्ज काढताना आपलेही तसेच आहे. आधी माप, मग काम.

सांगा पाहू

१. हातकंप आणि कंपवात यांत फरक काय?
२. १,०२४ आवाज एकाच वेळी का पोचावे लागतात?
३. पाणी तापले, की हायड्रोजनच्या भोवऱ्याचे काय होते?
४. ४६ अंशांना ३० मिनिटे लागतात, तर ४८ अंशांना किती?
५. यंत्राने २० अंश वाढले असे सांगितले. मेंदू आधी ३७ अंशांवर होता. आता ती जागा किती अंशांवर आहे?